शंभराच्या आतला काटा

मिरजगाव

राजूरच्या बदलीचं म्हटलं की मला पहिली आठवण होते ती कोंबडीची. मिरजगावच्या सरकारी दवाखान्यात पाच वर्षं नर्स म्हणून काढली आणि निरोपाला एका बाळंतिणीच्या सासूने जिवंत कोंबडी हातात दिली. नाही म्हटलं असतं तर त्या बाईने दवाखान्याच्या पायरीवर ठाण मांडलं असतं. लोखंडी कॉट, दोन ट्रंका, शेगडी आणि ही टोपलीतली कोंबडी घेऊन एसटीत कोण चढू देणार? म्हणून मी ट्रकने निघाले.

गोष्ट एकाहत्तर सालच्या माघातली. संगमनेरच्या एका शेठची गाडी ज्वारीची पोती घेऊन राजूरच्या बाजारी चालली होती. जिल्ह्याच्या एका टोकाहून पार दुसऱ्या टोकाला. गाडी विलायती, लढाईत सैन्याने वापरून मोडीत काढलेली, आणि ती चालवणारे दगडूमामा पन्नाशी ओलांडलेले. खाकी सदरा, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, बोलणं मोजकं. त्यांचा क्लीनर बहिणीच्या लग्नाला गेला होता. मी केबिनमध्ये चढल्यावर मामांनी माझ्या पायाशी एक मोठा दगड ठेवला. गाडी थांबली की तो चाकामागे लावायचं काम आता माझं, हे त्यांनी न विचारताच ठरवून टाकलं होतं.

नगरच्या रस्त्याला तीन मैलसुद्धा झाले नसतील, मामांनी गाडी बाभळीखाली घेतली, इंजिन बंद केलं आणि ओलं पोतं काढून इंजिनाच्या झाकणावर पसरलं.

"काय झालं मामा?"

"काटा रेघंवर गेला. आता निवू द्यायची."

स्टेरिंगच्या मागे वाटीएवढी काचेची तबकडी होती. तिच्यावर इंग्रजी आकडे: शंभर, एकशे चाळीस, एकशे ऐंशी, दोनशे बारा आणि पुढे लाल पट्टा. शंभराशी काचेवर कुणीतरी लाल रंगाची जाड रेघ ओढली होती आणि तिचा ओघळ पार तबकडीच्या कोपऱ्यापर्यंत आला होता. काटा त्या रेघेच्या किंचित पुढे, एकशे दोनवर उभा होता.

आता मी पडले नर्स. एकशे दोन म्हटल्यावर मला तो ताप वाटला. माणसाला अठ्ठ्याण्णव असावा लागतो, मग इंजिनालाही असेल तसंच काहीतरी. मी मोठ्या तळमळीने पोतं पुन्हा भिजवून आणलं आणि कपाळावर घड्या ठेवाव्यात तसं नीट दुमडून ठेवलं. मामा माझ्याकडे बघत राहिले.

दर तीन-चार मैलांनी हे असंच. थांबा, दगड लावा, पोतं भिजवा, अर्धा तास बसा. चौथ्या वेळी मी विचारलं, "मामा, ही पहिल्यापासूनच अशी आजारी आहे का?"

तेव्हा मामांनी सगळं सांगितलं. त्यांना आकडे वाचता येत नव्हते. तबकडी ते घड्याळासारखी बघत.

"अठरा वर्सं ही गाडी माझ्याकडं हाय. बारा वाजता काटा आला की ती निवांत पळती. दोनच्या पुढं गेला तरच घाबरायचं. आता मालकाचा पुतन्या म्हनतो, नऊच्या पुढं काटा जाऊ द्यायचा न्हाई."

पुतण्याचं नाव विलास. नुकतीच इंजिनिअरिंगची पदविका घेऊन तो काकांच्या धंद्यात आला होता. पहिल्याच दिवशी त्याने या गाडीत बसून तबकडीवर एकशे ऐंशी पाहिले आणि डोक्याला हात लावला. पाणी शंभराला उकळतं, आणि हे गृहस्थ एकशे ऐंशीवर गाडी चालवतात! म्हणजे इंजिन कधीच शिजून गेलेलं आहे, असा निकाल त्याने दिला आणि काकांना तो पटलाही. सोमवारी नाशिकचा भंगारवाला गाडी बघायला येणार होता. मामांनी फार विनवण्या केल्या तेव्हा विलासने काचेवर ती लाल रेघ ओढली आणि म्हणाला, ही एक खेप करून दाखवा, काटा शंभराच्या आत ठेवून. जमलं तर बघू.

"आणि नाही जमलं तर?" मी विचारलं.

"तर गोदामावर वॉचमन. खुर्ची देतो म्हनला." मामांनी पोत्याचं टोक सारखं केलं. "मी स्टेरिंगवर हात ठिऊन शब्द दिलाय. ड्रायव्हरनं स्टेरिंगवर दिलेला शब्द मोडला तर त्यानं परत गाडीला हात लावू नये."

हे ऐकून मला विलासचा राग आला, आणि खरं सांगायचं तर थोडा स्वतःचाही. मीसुद्धा त्याच काट्याकडे बघून सकाळपासून पोतं भिजवत होते.

नगरच्या वाटेवर

या थांबण्यांचा मला एक फायदा झाला. एसटीतून कधी न दिसलेला मुलूख मी अर्ध्या-अर्ध्या तासाने पाहिला. ज्वारी पुरुषभर उभी होती, हुरड्यावर आलेली. पाचव्या थांब्याला शेतातल्या एका शेतकऱ्याने आगटीवर कणसं भाजली, तळहातावर चोळली आणि शेंगदाण्याच्या चटणीबरोबर आमच्यापुढे ठेवली. माझं माहेर वाईचं. तिकडे पाहुण्याला आधी चहा विचारतात आणि मग बाकीच्या चौकश्या होतात. इथे आधी हात हुरड्याने भरतात आणि तोंड भरलेलं असतानाच गाव, जात, पगार सगळं विचारून घेतात.

"गाडीला काय झालंय?" त्याने विचारलं.

"गाडीला काय बी न्हाई," मामा म्हणाले. "गाडी बरी हाय."

ते वाक्य माझ्या डोक्यात अडकलं. मी उठले, गाडीपाशी गेले आणि मामांना इंजिनाच्या टाकीतलं थोडं पाणी बादलीत सोडायला सांगितलं. काटा एकशे एकवर होता. पदर खोचला, बाही वर केली आणि हाताचं कोपर पाण्यात घातलं.

बाळाच्या अंघोळीचं पाणी आम्ही असंच बघतो. बोटं कामाने राठ झालेली असतात, ती फसवतात. कोपर फसवत नाही. आणि माझ्या कोपराने सांगितलं की हे पाणी नेमकं तान्ह्या बाळाला घालायचं आहे. उकळणं राहू द्या, बाळाच्या आईलासुद्धा याहून कढत लागलं असतं.

मी तिथेच हसायला लागले. ताप बघायची काच, म्हणजे थर्मामीटर, या पाण्यात घातली असती तर तिनेही शंभरच दाखवले असते, कारण ती काच आणि ही तबकडी दोन्ही जुन्या विलायती मापाच्या. फॅरनहाईटच्या. मी जिथे शिकले तिथे सुया उकळायचं एक विलायती भांडं होतं. त्याच्या काट्याखाली दोनशे बारा लिहिलेलं असे आणि काटा तिथे पोचला की पाण्याला कढ यायचा. इथेही लाल पट्टा दोनशे बाराच्या पुढेच होता. विलासचं शंभर शाळेतलं, सेंटिग्रेडचं. कारखान्यातल्या साहेबांनी गाडी बनवली तेव्हा विलास जन्मला पण नव्हता.

"मामा, हे पाणी तर बाळाच्या अंघोळीचं आहे!"

"मला ठावं हाय की," मामा शांतपणे म्हणाले. "रोज हात लावतो मी. इंजिन तर धड तापतच न्हाई, म्हनून सारखं अडखळतंय. थंड इंजिन लई वंगाळ चालतं बाई."

"मग चला ना तुमच्या बारा वाजता!"

"शब्द दिलाय."

पुढे मी कितीही डोकं फोडलं तरी उपयोग झाला नाही. बाळाच्या अंघोळीच्या पाण्यावर रखडत आम्ही संध्याकाळी नगरला पोचलो. मी मैत्रिणीकडे उतरले आणि मामा गाडीतच झोपले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. राहुरीपासून दोन्ही बाजूंना ऊस लागला. एका गुऱ्हाळावर थांबलो तेव्हा तिथल्या गुळव्याने आम्हाला काकवी आणि भाकरी दिली. त्याच्या कढईत थर्मामीटर वगैरे काही नव्हतं. तो फेसाकडे बघायचा, बोटाने चिमूटभर रस उचलून पाण्यात टाकायचा आणि म्हणायचा, "अजून न्हाई." मामा त्या माणसाजवळ बराच वेळ उभे राहिले. निघताना गुळव्याने मामांना गुळाची ढेप दिली. मला दिली नाही.

संगमनेर

दिवस मावळायच्या बेताला संगमनेरात शिरलो. शेठच्या गोदामासमोर विलास उभाच होता. तरतरीत पोरगा, सदऱ्याच्या खिशाला दोन पेनं. त्याने आधी घड्याळ पाहिलं.

"दोन दिवस? मामा, बैलगाडी आली असती एवढ्यात."

मामा खाली बघत राहिले. मला मात्र दोन दिवसांचा राग आतून ढुशा देत होता. मी उतरले आणि रस्त्यातच त्याला सगळं ऐकवलं. माप वेगळं आहे, कोपर, सुया, दोनशे बारा. त्याने ऐकून घेतलं आणि हसून म्हणाला, "बाई, सुई टोचणं वेगळं आणि इंजिन वेगळं."

"बरोबर आहे. पण पाणी दोन्हीकडे एकच ना? तुमच्या पुस्तकात पाणी शंभराला उकळतं. उकळून दाखवा या काट्याला."

समोर चहाचं दुकान होतं. मामांनी पान्हा काढला. टाकीतलं थोडं पाणी बादलीत सोडून त्यांनी इंजिनात बसवलेला काट्याचा तांब्याचा गोळा सोडवला. त्याची बारीक तार थेट तबकडीपर्यंत जात होती. तार मोडू नये म्हणून त्यांनी तबकडीही सोडवून घेतली आणि दोन्ही मिळून दुकानात आणली. चहावाला ओरडला, "ते तेलकट माझ्या भांड्यात?" मी त्याला सांगितलं की भांडं मी स्वतः घासून देते, आणि शेवटी घासलंही. तोवर आजूबाजूला पंधरा-वीस माणसं जमली होती.

पाण्याला कढ आला. मामांनी गोळा आत सोडला. काटा रेघ ओलांडून पुढे गेला, एकशे चाळीस, एकशे ऐंशी, आणि दोनशेच्या जरा अलीकडे अडला. विलासच्या चेहऱ्यावर हसू यायला लागलं होतं. मामांनी काचेला नखाने टिचकी मारली. काटा सरकला आणि दोनशे बारावर जाऊन बसला.

"अडकतो तो," मामा म्हणाले. "त्याला हळूच सांगावं लागतं."

विलासने तबकडी हातात घेतली, उजेडात धरली. मग त्याच्या रेघेचा जो ओघळ कोपऱ्यापर्यंत आला होता तो त्याने नखाने खरवडला. खाली बारीकसं इंग्रजी एफ होतं. रंग लावताना त्याने स्वतःच ते झाकून टाकलं होतं.

पोरगा लाल झाला, पण वाईट नव्हता. म्हणाला, "मामा, शब्दातून तुम्ही मोकळे." आणि लगेच पुढे, "पण काकांना मीच इंजिन गेलं म्हणून सांगितलंय. आता नुसतं चहाच्या दुकानात पाणी उकळून ते मागे घेता येणार नाही. उद्या मी घाटात बरोबर येतो. काटा लाल पट्ट्यात गेला, तर सोमवारी गाडी भंगारात."

मामांनी मान हलवली. रात्रभर त्यांना झोप लागली नसावी, सकाळी डोळे तांबारलेले होते.

विठ्याचा घाट

काय गाडी पळाली म्हणून सांगू! काटा बारा वाजता आणि इंजिनाचा आवाज कसा एकसारखा. अकोले गावापर्यंत मी दगडाला हातसुद्धा लावला नाही. प्रवरेच्या काठाने गव्हाची शेतं, मोहाची झाडं, डोक्यावर लाकडाच्या मोळ्या घेतलेल्या बायका. मिरजगावात पाच वर्षांत जेवढं हिरवं पाहिलं नव्हतं तेवढं त्या एका सकाळी दिसलं. टोपलीतली कोंबडीसुद्धा गप्प होती.

अकोल्याच्या पुढे विठ्याचा घाट लागला. पोत्यांचं ओझं, पहिला गिअर. विलास मध्ये बसला होता आणि तबकडीवरून नजर हलवत नव्हता. एकशे नव्वद. दोनशे. दोनशे पाच. त्याने डोळे मिटून घेतले, मीही. उघडले तर काटा मागे यायला लागला होता. एकशे नव्वद. एकशे सत्तर. एकशे पन्नास!

"उतरला ताप!" मी टाळ्याच वाजवल्या. विलासही सुटल्यासारखा हसला. "मामा, जिंकलात!"

मामांनी करकचून ब्रेक मारला, इंजिन बंद केलं आणि ओरडले, "बाई, दगड!"

मी उडी मारून दगड लावला. विलास खिडकीतून ओरडला, "अहो, काटा खाली आलाय! थांबलात कशाला?"

"घाट चढताना ताप कुठं उतरतो व्हय?" मामा झाकण उघडत म्हणाले. "वास बघा."

आता मलाही आला. तापलेल्या रबराचा, करपट. खालची रबरी नळी फाटली होती आणि टाकीत पाण्याचा टिपूस नव्हता. काटा पाण्याचा ताप सांगतो. पाणीच गेलं तर तो नुसती आतली हवा मोजत बसतो.

मला स्वतःची लाज वाटली. टायफॉइडच्या पेशंटचा ताप एकदम घसरला, हातपाय गार पडले, तर आम्ही टाळ्या वाजवत नाही, डॉक्टरला बोलवायला धावतो. हे मला कुणी शिकवायला हवं होतं? विलासने घाईघाईने पाण्याचा डबा उचलला आणि ओतायला निघाला. मामांनी त्याचं मनगट धरलं. मामांनी मालकाच्या माणसाला हात लावलेला मी तेवढाच पाहिला.

"आत्ता ओतलं तर तडा जाईल. लोखंड लाल हाय. बसा."

तासभर बसलो. मोळी घेतलेली एक बाई थांबली. तिने फडक्यातली नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी मोडून तिघांना दिली आणि झऱ्याची वाट दाखवली. आमच्याकडे नागली आजाऱ्याला देतात, असं मी म्हटलं तर ती म्हणाली, "मंग आजारीच हाय की तुमची गाडी." मामा त्या तीन दिवसांत पहिल्यांदा हसले.

नळीवर औषधोपचार मी केला. पेटीतली चिकटपट्टी काढली, वरून बँडेजचे चार वेढे घट्ट आवळले, वर पुन्हा पट्टी. हाड मोडलेल्या माणसालाही मी इतकं नेटकं बांधलं नसेल. मामांनी झाकणावर तळहात ठेवला, थोडं थांबले, परत ठेवला. चौथ्यांदा म्हणाले, "आता." मग इंजिन चालू करून पाणी हळूहळू, धार धरून ओतलं. विलास डबा धरून उभा होता. 

काट्यावर भरवसा ठेवून आणखी थोडंसं जरी चढलो असतो, तर भंगारवाल्याला सोमवारपर्यंत थांबायचं कारण उरलं नसतं.

राजूर

दुपारी राजूरला पोचलो. पोती उतरली, माझ्या ट्रंका उतरल्या. मामांनी कोंबडीची टोपली स्वतः आत आणून ठेवली. सोमवारचं काय, हे मी विलासला विचारलं, तर त्याने नुसतं माझ्याकडे चिकटपट्टीचा एक तुकडा मागितला. खिशातलं पेन काढून त्याने त्यावर काहीतरी खरडलं आणि केबिनमध्ये जाऊन तबकडीच्या काचेवर चिकटवलं. काच तडकली असेल असं मला वाटलं. मग गाडी निघून गेली आणि काय झालं ते मला कळलंच नाही. नव्या गावात नव्या बाळंतिणी, कामाला तोटा नव्हता. पण बाजाराच्या दिवशी रस्त्यावर ट्रक वाजला की मी दारात येई.

पाच आठवड्यांनी तोच आवाज आला. मी हातातलं टाकून धावले. मामाच होते, स्टेरिंगवर. 

"म्हणजे विकली नाही ना!"

मामा उतरले नाहीत. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "बाई, वर या जरा. ह्ये काय लिवलंय ते सांगा."

"पाच आठवडे झाले, कुणाला विचारलं नाही?"

"न्हाई विचारलं. मालक बगून हसतो, पर सांगत न्हाई." ते पुढच्या काचेतून बाहेर बघत होते. "मला वाटलं, गाडी विकायची हाय म्हनून लिवलं आसंल. दुसऱ्या कुनाच्या तोंडून कशाला ऐकायचं? तेवढ्यात चार खेपा तर मिळत्यात."

मी वर चढले. पट्टी माझीच, कडेने मळलेली, बरोबर नऊ वाजता चिकटवलेली, जिथे विलासची लाल रेघ होती तिथेच. मी वाचलं.

"आधी मामांना विचारा."

 मामा म्हणाले, "परत वाचा."

मी परत वाचलं.

मामांनी डोक्याचा टॉवेल काढला, त्याचं कोरडं टोक बोटाभोवती गुंडाळलं आणि ती पट्टी हलक्या हाताने पुसली. बाकी तबकडीवरची धूळ त्यांनी होती तशीच राहू दिली.